स्वतंत्रपूर वसाहत (अपराधशास्त्रीय अभ्यासक्षेत्र)

स्वतंत्रपूर वसाहत : सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील खुली कैदी वसाहत. अपराधशास्त्र, विधी व समाजकार्य या शाखांच्या विद्यार्थ्यांना लघुप्रबंधासाठी हाताशी असलेला, तरी तुलनेने कमी हाताळलेला विषय.

स्थापनेचे वर्ष सामान्यतः १९३९ दिले जाते. आटपाडीचा मुलूख तेव्हा औंध संस्थानात होता. संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी त्याच वर्षी जानेवारीत प्रजेला स्वराज्याची घटना दिली. वसाहतीचा उगम त्याच वातावरणात शोधला जातो. श्रेयाबाबत मात्र एकवाक्यता नाही. काही लेखक ते मॉरिस फ्रिडमन ऊर्फ भारतानंद या पोलिश अभियंत्याला देतात, काही राजांना. खुनाच्या कैद्याला भिंतीबाहेर ठेवण्याचा हुकूम फ्रिडमन काढू शकत नव्हते, तो अधिकार राजाचाच. कल्पना एकाची आणि जोखीम दुसऱ्याची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्वित्झर्लंडमधील विट्झविलची शेती-वसाहत याहून जुनी खरी. पण साम्यावरून उसनवारी ठरवणे घाईचे होईल. भिंत, कुलूप, गज व सशस्त्र पहारा यांऐवजी स्वयंशिस्त, ही खुल्या कारागृहाची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या जिनीव्हा परिषदेने केली ती १९५५ मध्ये, म्हणजे स्वतंत्रपूरनंतर बऱ्याच वर्षांनी.

‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) या चित्रपटामुळे प्रयोग सर्वतोमुखी झाला. चित्रपटातील सहा कैदी हा मात्र अभ्यासाचा पुरावा नव्हे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही गल्लत होऊ शकते.

येथे बंदी बायकामुलांसह राहून शेती करतो; बहुतेक खुल्या कारागृहांहून वेगळेपण ते हेच. त्यामुळे शिक्षा भोगणाऱ्याबरोबर त्याचे कुटुंबही संशोधनाच्या कक्षेत येते. मुलाखतीसाठी कारागृह विभागाची लेखी परवानगी लागते. संमतीचा प्रश्न नाजूक आहे : ज्याची शिक्षामाफी अधिकाऱ्याच्या शेऱ्यावर अवलंबून, तो अधिकाऱ्यासमोर ‘सगळं बरं आहे’ हेच सांगणार. शिवाय वसाहत लहान असल्याने नाव गाळले तरी गुन्हा व गाव यांवरून माणूस ओळखू येतो. संख्यात्मक पाहणीपेक्षा वैयक्तिक वृत्तांताची पद्धत येथे सोयीची.

जुनी कागदपत्रे धुंडाळताना जिल्ह्याचे नाव सांभाळावे लागते. १९४८ च्या विलीनीकरणापूर्वीचा मजकूर औंध संस्थानाखाली, पुढील काळातला दक्षिण साताऱ्याखाली आणि १९६० नंतरचा सांगलीखाली शोधावा.