चढा दर, साठेबाजी आणि रेशन: तक्रार अर्ज कोणाकडे व कसा करावा

गणेशोत्सवाच्या तोंडावर चिपळूण, कणकवली किंवा सावंतवाडीच्या बाजारात नारळाचा दर चढला, एवढ्यावरून दुकानदारावर कारवाई होत नाही, कारण सुट्ट्या मालाला छापील किंमत नसते आणि शासनाने त्या वस्तूचा दर ठरवून दिलेला नसेल तर अधिकाऱ्याचे हात बांधलेले असतात. म्हणून तक्रार कोणत्या कायद्यात बसते, हे अर्जापूर्वी पाहावे.

जीवनावश्यक वस्तू अधिनियम, 1955 च्या कलम 3 नुसार केंद्र शासन आदेश काढून साठा, वितरण व दर यांवर नियंत्रण आणू शकते. जून 2023 मध्ये तूर व उडीद यांच्यासाठी अशी मर्यादा आली, तेव्हा सुरुवातीस प्रत्येक डाळीचा साठा किरकोळ विक्रेत्यास 5 टन आणि घाऊक व्यापाऱ्यास 200 टन एवढाच ठेवता येत होता. असा आदेश लागू असताना जादा साठा आढळल्यास जिल्हाधिकारी कलम 6अ खाली जप्त माल सरकारजमा करू शकतात. साठेबाजीची माहिती कोणीही तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी. गोदामाचा नेमका पत्ता त्यात असलाच पाहिजे, ऐकीव गोष्टींवर तपास पुढे सरकत नाही.

बंद पाकिटावर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतल्यास अर्ज वैध मापन शास्त्र (वजन-मापे व वेष्टनावरील किंमत तपासणाऱ्या विभागाच्या) निरीक्षकांकडे जातो. किनाऱ्यावरच्या टपरीवर पाण्याच्या बाटलीमागे 'थंड केल्याचे' पाच रुपये जादा मागितले जातात, ते याच प्रकारात मोडते. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीबाबत मात्र सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल हॉटेलचालकाच्या बाजूचा आहे. अर्जासोबत बिल आणि छापील किंमत, निव्वळ वजन व तारीख दिसेल असे वेष्टनाचे छायाचित्र जोडावे. बिल मागून घेणे जड वाटते खरे, पण त्यावाचून अर्ज लंगडा पडतो.

रेशनच्या तक्रारीसाठी शिधापत्रिकेची प्रत आणि ई-पॉस यंत्राची (रेशन दुकानात धान्यवाटपाची नोंद करणाऱ्या यंत्राची) पावती लागते. अंत्योदय कुटुंबास दरमहा 35 किलो, तर प्राधान्य कुटुंबास माणशी 5 किलो धान्य मिळते व 1 जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे, त्यामुळे त्या धान्यासाठी पैसे मागितल्यास तेही अर्जात नमूद करावे.

सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. नुकसानभरपाई हवी असल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागते. वस्तूसाठी प्रत्यक्ष दिलेली किंमत 5 लाख रुपयांपर्यंत असल्यास तेथे शुल्क नाही आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते.