एआयच्या पहिल्या कोर्सला अर्ज करताना: पात्रता, कागदपत्रं आणि राहून जाणारं एक पान

विद्यापीठाच्या यादीत ‘कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख’ असा विषय दिसला की ‘ओळखच तर आहे’ म्हणून अनेक जण अर्ज भरून मोकळे होतात. अडतं ते पूर्वअटींपाशी. हा विषय सहसा पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी असतो. ए-स्टारसारखा (कमी खर्चाचा मार्ग शोधणारा) शोध-अल्गोरिदम स्वतः लिहायचा असतो, पुढे बेझच्या नियमाने, म्हणजे नवी माहिती मिळाल्यावर अंदाज सुधारत, संभाव्यता काढायची असते. म्हणून प्रोग्रामिंग, डेटा स्ट्रक्चर्स (माहिती मांडून ठेवण्याच्या रचना) आणि संभाव्यता झालेली लागते. मशीन लर्निंगचा, म्हणजे उदाहरणांवरून संगणकाला शिकवण्याचा, भाग मोठा असेल, तर रेषीय बीजगणितही. एआय आधी शिकलेलं असण्याची गरज नाही, त्या धास्तीने मागे राहू नका.

ओळखपत्र, नोंदणी क्रमांक आणि आधीच्या सत्रांच्या गुणपत्रिका सगळेच जोडतात. दुसऱ्या विद्यापीठातून किंवा दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांनी मात्र जुन्या विषयांचा अभ्यासक्रमही जोडावा, शक्यतो शिक्का मारलेला. गुणपत्रिकेवर नुसतं ‘गणित ३’ छापलेलं असतं. त्यात संभाव्यता शिकवली होती, हे तपासणाऱ्याला कळणार कसं? माझ्या मते या एका पानाइतकं उपयोगी दुसरं काही नाही.

एखादी पूर्वअट पूर्ण होत नसेल, तर बऱ्याच ठिकाणी प्राध्यापकांच्या लेखी परवानगीने सूट मिळू शकते. विनंतीसाठी अर्धं पान पुरे. काय शिकलात, कुठे शिकलात, आणि सोबत स्वतः लिहिलेला एखादा प्रोग्राम.

इथे खुल्या ऑनलाइन कोर्सबद्दल सांगायलाच हवं. २०११ मध्ये सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग या एआय संशोधकांनी स्टॅनफर्डचा हाच विषय सगळ्यांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवलं. पूर्ण करणाऱ्यांना प्रशस्तिपत्र मिळालं, स्टॅनफर्डचं क्रेडिट (पदवीसाठी मोजला जाणारा श्रेयांक) नाही. हा फरक आजही लागू आहे. असं प्रमाणपत्र पुरवणी म्हणून जरूर जोडा, पण पूर्वअट त्यानेच भागेल असं धरून चालू नका. तयारीसाठी मात्र हे कोर्स उत्तम. हेलसिंकी विद्यापीठाच्या ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ला प्रोग्रामिंग लागत नाही आणि तो मोफत आहे. हार्वर्डच्या एआय कोर्सला पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा यायला हवी.

फॉर्म भरताना क्रेडिटसाठी घ्यायचा की नुसता ऐकायचा, हे आधी ठरवा. नुसतं ऐकणाऱ्याला सहसा क्रेडिट मिळत नाही. युरोपीय पद्धतीत एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरतात, म्हणजे पाच क्रेडिटचा विषय १२५ ते १५० तासांचा.

जागा भरल्या असतील तरी प्रतीक्षा यादीत नाव घाला आणि पहिल्या तासापासून वर्गात बसा, कारण विषय बदलण्याची मुदत संपायच्या आधी काही जण हमखास बाहेर पडतात आणि त्यांच्या जागा यादीतल्यांना मिळतात.