‘स्लोली’ आणि ‘ग्रॅज्युअली’: एका ‘हळूहळू’चे दोन वाटेकरी

रिक्षात बसल्यावर आपण ‘हळू चालवा’ म्हणतो आणि मार्च लागला की धरणातल्या पाण्याबद्दल ‘उजनी हळूहळू उतरायला लागली’ म्हणतो. मराठीत शब्द एकदाच आला की दोनदा, एवढाच काय तो फरक. इंग्रजीत या दोन जागी दोन वेगळे शब्द बसतात: रिक्षा ‘स्लोली’, उजनी ‘ग्रॅज्युअली’.

‘स्लो’ हा अस्सल जुन्या इंग्रजीतला शब्द, मूळचा अर्थ सुस्त, मंद. ‘ग्रॅज्युअल’ लॅटिनमधल्या ‘ग्रादुस’पासून आला, म्हणजे पाऊल किंवा पायरी. ग्रेड, डिग्री, ग्रॅज्युएट ही सगळी त्याच घरातली मंडळी. म्हणून ‘स्लो’ वेग सांगतो, तर ‘ग्रॅज्युअल’ सांगतो की बदल पायरीपायरीने झाला, एकदम उडी मारून नाही. वेगाचं आणि पायऱ्यांचं एकमेकांशी नातं असेलच असं नाही. पंख्याचा रेग्युलेटर एकपासून पाचपर्यंत पाच सेकंदांत फिरवला तर वेग वाढला तो ‘ग्रॅज्युअली’, पण त्याला कोणी ‘स्लो’ म्हणणार नाही. उलट एखादी फाइल टेबलावर सहा महिने पडून राहते आणि एका दुपारी सही होऊन सुटते. ते काम नक्कीच ‘स्लो’, पण ‘ग्रॅज्युअल’ अजिबात नाही. सहा महिने काहीच घडलं नाही, मग सगळं एकदम घडलं.

वाक्य लिहिताना अडलं तर स्वतःला विचारायचं: मधेच थांबवलं तर थोडा बदल हाती लागतो का? उजनी कुठल्याही दिवशी मोजा, कालच्यापेक्षा पाणी थोडं कमी भरेल. म्हणजे ‘ग्रॅज्युअली’. पुण्याहून निघालेली एसटी टेंभुर्णीत थांबवली काय आणि मोहोळात थांबवली काय, एसटी आहे तशीच राहते. म्हणून ‘द बस ग्रॅज्युअली वेंट टु सोलापूर’ चूक. मात्र तीच बस स्टँडातून बाहेर पडून वेग घ्यायला लागली, तर ‘द बस ग्रॅज्युअली पिक्ड अप स्पीड’ अगदी बरोबर, कारण इथे वेग बदलतोय.

‘अराइव्ह’सारख्या क्रियापदांत आणखी एक गंमत आहे. एक पाहुणा ‘ग्रॅज्युअली’ येऊ शकत नाही, तो एक तर येतो किंवा येत नाही. पण सोलापुरात गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर माणसं ‘ग्रॅज्युअली’ येतात, कारण इथे बदलते ती गर्दी. कर्ता अनेकवचनी झाला की चुकलेलं वाक्य बरोबर होतं. ‘नो’, म्हणजे माहीत असणं, हेही असंच अडवतं. ‘आय ग्रॅज्युअली न्यू हिम’ म्हणत नाहीत, ‘ग्रॅज्युअली गॉट टु नो हिम’ म्हणतात. माहीत असणं ही स्थिती, होत जाणं हा बदल, आणि ‘ग्रॅज्युअली’ला बदलच लागतो.

काही जोड्या ठरून गेलेल्या आहेत, त्यांत तर्क चालवू नये. ‘स्लो पॉयझन’, ‘स्लो लर्नर’, ‘स्लो मोशन’ यांत ‘ग्रॅज्युअल’ घालायचा नाही. रस्त्याच्या सौम्य चढाला मात्र ‘ग्रॅज्युअल स्लोप’, तिथे ‘स्लो’ चालत नाही. घड्याळ मागे पडलं तर ते ‘फाइव्ह मिनिट्स स्लो’, आणि बाजार थंड असला तर ‘बिझनेस इज स्लो’. रस्त्यावरच्या पाट्यांवरचं ‘गो स्लो’ही शुद्ध इंग्रजीच आहे, ‘स्लो’ क्रियाविशेषण म्हणून चालतो. ‘इन्क्रीज ग्रॅज्युअल’ मात्र कधीच चालत नाही.

आणि ‘हळू बोल’! बाळ झोपलंय म्हणून कोणी ‘स्पीक स्लोली’ म्हटलं, तर समोरचा तोच आवाज ठेवून एकेक शब्द ताणून म्हणेल आणि बाळ उठेल. इथे ‘सॉफ्टली’ हवं. मराठी ‘हळू’त आवाजही येतो, इंग्रजी ‘स्लो’त येत नाही.

आयेल्ट्स या इंग्रजीच्या चाचणीच्या ॲकॅडेमिक परीक्षेत पहिल्या लेखनप्रश्नात आलेखाचं वर्णन किमान 150 शब्दांत लिहायचं असतं, त्यासाठी 20 मिनिटं सुचवलेली असतात. गुण जातात ते याच शब्दांच्या भाऊबंदांत. उदाहरणाला आपला उन्हाळाच घेऊ. जानेवारीत दुपारी 31 अंश, मे महिन्यात 40. ही वाढ ‘ग्रॅज्युअल’ म्हणता येईल. ‘स्टेडी’ म्हणायचं असेल तर दर महिन्याची भर साधारण सारखी हवी. मधे अवकाळी पावसाने पारा एकदम खाली आला आणि पुन्हा चढला, तर ‘स्टेडी’ गेलं. ‘स्टेडी’च्या मुळाशी ‘स्टेड’, म्हणजे जागा. जागचं न ढळणारं ते ‘स्टेडी’. आणि ‘स्लाइट’ तर इथे सरळच चूक, कारण तो किती बदल झाला ते सांगतो, कसा झाला ते नाही. नऊ अंशांची वाढ ‘स्लाइट’ कशी असेल? ‘ग्रॅज्युअल’ बदल प्रचंडही असू शकतो. हळूहळू म्हणजे थोडंसं, ही गल्लत सगळ्यात जास्त होते. जाता जाता: ‘राइज इन टेम्परेचर’, पण ‘राइज ऑफ नाइन डिग्रीज’. क्रियापद वापरलं तर ‘रोज बाय नाइन डिग्रीज’, ‘रोज टु फॉर्टी’. ‘बाय’ आणि ‘टु’ची अदलाबदल झाली की 40 अंशांचे 71 होतात.

बाकीचे शब्द मराठीतून ओळखणं सोपं. ‘अतिक्रमणे टप्प्याटप्प्याने हटवणार’ या बातमीत ‘ग्रॅज्युअली’ नको, ‘इन फेजेस’ हवं. टप्पे कोणीतरी आधी ठरवलेले असतात, उजनीचं उतरणं कोणी टप्पे पाडून ठरवत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचं ‘उत्तरोत्तर’ म्हणजे ‘प्रोग्रेसिव्हली’, दर पायरी आधीच्यापेक्षा वरची. इंग्रजीत मात्र हा शब्द बहुतेक वेळा ‘वर्स’ला चिकटतो, तेव्हा शुभेच्छांत जपून. ‘दिवसेंदिवस’ला ‘डे बाय डे’. ‘डे टु डे’ म्हणजे रोजचं, नेहमीचं, त्यात बदल नाहीच. ‘थोडंथोडं’साठी बोलताना ‘बिट बाय बिट’ किंवा ‘लिटल बाय लिटल’. ‘इन्क्रिमेंटली’ ऑफिसात शोभतो, घरात नाही.

सगळ्यात चांगलं इंग्रजी मात्र बऱ्याचदा हे क्रियाविशेषण टाकूनच देतं, कारण हळूहळूपणा क्रियापदातच असतो. सोलापुरी चादर वर्षानुवर्षं धुतली की तिचा रंग ‘फेड’ होतो, कापड ‘वेअर थिन’ होतं, म्हणजे विरतं, आणि कडेचे धागे ‘फ्रे’ होतात. या तिघांमागे ‘ग्रॅज्युअली’ लावायची गरज नाही. साठा किंवा गर्दी ‘ड्विंडल’ होते, विश्वास आणि नदीचा काठ ‘इरोड’ होतो. डॉक्टरांनी गोळी ‘टेपर’ करायला सांगितली, तर तिचा डोस ठरवून दिल्याप्रमाणे पायरीपायरीने कमी करायचा असतो. बरं वाटलं म्हणून स्टेरॉइडची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद केली, तर त्याला ‘टेपर’ नाही, ‘अब्रप्ट स्टॉप’ म्हणतात.