पेटीतले आंबे आणि सुटे आंबे

बीजगणिताला नुकतीच सुरुवात झालेल्या मुलांच्या वह्यांत एक चूक हमखास सापडते: ३क्ष + २ = ५क्ष. ही चूक आळसातून होत नाही. बेरजेचं उत्तर म्हणजे एकच संख्या, अशी सवय मुलांना पहिलीपासून लागलेली असते. मध्ये अधिकचं चिन्ह उरलं की गणित अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. त्यातून ३½ मध्ये तीन आणि अर्धा शेजारी ठेवले की बेरीज होते, ३क्ष मध्ये मात्र गुणाकार! हा फरक आपण क्वचितच उलगडून सांगतो.

मग सजातीय पदं (३क्ष आणि २क्ष यांसारखी, एकाच जातीची, म्हणून एकत्र करता येणारी) शिकवायला आंबे आणि केळी येतात: तीन आंबे आणि दोन केळी मिळून पाच आंबे होत नाहीत. मला हे उदाहरण धोक्याचं वाटतं. क्ष ही संख्या आहे, फळ नाही. क्ष म्हणजे आंबा धरला, तर पुढे क्ष² आल्यावर आंब्याचा वर्ग कसा करायचा?

त्यापेक्षा पेट्या घ्याव्यात. प्रत्येक पेटीत क्ष आंबे, सगळीकडे सारखेच. तीन पेट्या आणि दोन पेट्या मिळून पाच: ३क्ष + २क्ष = (३ + २)क्ष = ५क्ष. वितरणाचा गुणधर्म तो हाच. पण तीन पेट्या आणि दोन सुटे आंबे? पेटीत किती आहेत ते कळेपर्यंत ते वेगळेच राहणार.

तरी शंका उरली तर क्षच्या जागी १० घालावेत. ३क्ष + २ होतात ३२, आणि ५क्ष होतात ५०. इथे १ मात्र घालू नये. दोन्हीकडे ५ येतात आणि चूक झाकली जाते. १० घेतले की ३क्ष² + ४क्ष + ५ चे ३४५ होतात. शतकं दशकांत मिसळायची नाहीत, हे तर मुलांना केव्हापासून ठाऊक असतं.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात हाच नियम दिला: समान जातीच्या राशींची बेरीज-वजाबाकी करावी, भिन्न जातीच्या वेगळ्या मांडाव्यात. अज्ञात राशीला ते 'यावत्तावत्' म्हणत, थोडक्यात 'या'. सुट्या संख्येला 'रूप', म्हणजे 'रू'. ३क्ष + २ त्यांच्या पद्धतीत 'या ३ रू २' असं मांडलं जाई, मध्ये अधिकचं चिन्ह नाही. ही मांडणी फळ्यावर जरूर करून पाहावी: 'या ५ रू १', त्याखाली 'या २ रू ८'. 'या'खाली 'या', 'रू'खाली 'रू'. बेरीज 'या ७ रू ९'.