लोअरिंग स्प्रिंगा बसवल्यानंतर गाडीची उंची: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गाडीची उंची कमी करणाऱ्या नव्या स्प्रिंगा बसवून ती जॅकवरून खाली आली की बहुतेक ग्राहक दोन पावलं मागे सरकतात, तिरकं बघतात आणि म्हणतात, "अजून वरच दिसतेय ना हो?" दिसतेय ती वरच, पण ती उंची खरी नाही. जॅकवर चाकं लोंबत असताना थोडी आत ओढली जातात. गाडी खाली टेकली तरी टायर फरशीला घट्ट धरून राहतात, पटकन बाहेर सरकत नाहीत, आणि गाडी तेवढी वर अडकून राहते. वीसेक मीटर पुढे-मागे फिरवून चारही कोपरे दाबून सोडले की ती जागेवर येते. म्हणून त्या पहिल्या नजरेवर कोणताही निर्णय घेऊ नका. आम्हीही घेत नाही.

माप कसं घ्यायचं

चाकाच्या मध्यापासून सरळ वर, मडगार्डच्या कमानीच्या काठापर्यंत. जमिनीपासून मोजलं तर टायरमधली हवा आणि टायरची झीज दोन्ही त्या आकड्यात मिसळतात. गाडी समतल फरशीवर हवी, चाकं सरळ, डिकी रिकामी, टायर गार असताना हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे भरलेली. पेट्रोल दोन्ही वेळी सारखं ठेवा. ३५ लिटरची भरलेली टाकी म्हणजे २५ किलोहून जास्त वजन आहे, आणि ते मागच्या मापात दिसतं.

जुन्या स्प्रिंगा काढण्याआधी ही चार मापं आम्ही कार्डावर लिहून तुमच्या हाती देतो. ही पायरी आम्ही कधीच गाळत नाही. कारण डाव्या-उजव्या बाजूत तीन-चार मिलिमीटरचा फरक पुष्कळ गाड्यांत पहिल्यापासूनच असतो, आणि आधीचं माप नसेल तर तो नव्या स्प्रिंगांच्या माथी मारला जातो. आमचा हिशेब असा: ५ मिलिमीटरपर्यंतचा फरक सोडून द्यायचा, १० च्या वर गेला तर कारण सापडेपर्यंत गाडी सोडायची नाही.

सीएनजीची गाडी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. डिकीतल्या लोखंडी सिलिंडरचं वजन एका माणसाइतकं भरतं आणि ते कायम मागच्या स्प्रिंगांवर असतं. फक्त पेट्रोल मॉडेलसाठी बनवलेला सेट तिथे अपेक्षेपेक्षा जास्त खाली दबतो.

एक बाजू वर का राहते

सर्वांत आधी आम्ही स्प्रिंगचं टोक बघतो. स्प्रिंग ज्यात टेकते त्या खालच्या वाटीत त्यासाठी एक खाच असते. टोक तिथे नीट टेकलं नाही तर ती बाजू लगेच वर दिसते. वरचं रबरी पॅड दुमडलं किंवा राहूनच गेलं, तरी फरक पडतो. हे डोळ्यांना दिसणारे दोष आहेत, अर्ध्या तासात निघतात.

डोळ्यांना न दिसणारा दोष बुशमध्ये असतो, आणि दुसरीकडे काम करून आमच्याकडे आलेल्या गाड्यांत तो आम्हाला वारंवार सापडला आहे. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा म्हणजे लोअर आर्म; त्याचा बुश म्हणजे दोन लोखंडी नळ्यांच्या मध्ये चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी गाडीच्या सांगाड्याशी पक्की होते. त्यानंतर आर्म वर-खाली होतो तो फक्त रबराला पीळ देत. आता हा बोल्ट चाक लोंबत असताना आवळला, तर रबर त्या लोंबत्या स्थितीलाच आपली मूळ जागा समजतं. गाडी खाली उतरवली की रबराला सतत पीळ बसतो आणि ते छोट्या स्प्रिंगसारखं गाडीला वर ढकलत राहतं. उंची कमी होत नाही, चाल कडक वाटते, आणि काही महिन्यांत बुश फाटतो. मग खटखट सुरू होते आणि दोष मात्र स्प्रिंगला लागतो.

गेल्या पावसाळ्यात अशीच एक हॅचबॅक आली होती, पुढची डावी बाजू १२ मिलिमीटर वर. ग्राहक नवीन स्प्रिंगा घ्यायच्या तयारीनं आला होता. गाडी चाकांवर उभी ठेवून आर्मचे बोल्ट सैल केले, गाडी दाबून हलवली, पुन्हा टॉर्क रेंचनं आवळले. फरक ३ मिलिमीटरवर आला. एकही नवा भाग लागला नाही. तुम्ही काम कुठेही करा, पण बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे आवळले आहेत ना, हे नक्की विचारा.

उंची बदलायचीच असेल तर

पहिले पाचशे किलोमीटर चालवून या. चांगल्या कंपनीची स्प्रिंग कारखान्यातच पूर्ण दाबून बसवलेली असते, त्यामुळे पोलाद फारसं बसत नाही. बसतं ते रबर: पॅड, बुश, माउंटिंग. दोन-चार मिलिमीटर त्यातच जातात.

त्यानंतरही एखादी बाजू वर-खाली वाटली तर स्प्रिंगच्या वर कमी-जास्त जाडीचं पॅड घालून ती जुळवता येते. पुढच्या स्ट्रटमध्ये (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) ५ मिलिमीटरचं पॅड गाडीला जवळपास तेवढंच उचलतं. मागे स्प्रिंग चाकापासून आत, आर्मच्या मधोमध असेल तर तेच पॅड त्याहून जास्त उचलतं. आणि एकाच कोपऱ्याला हात लावून चालत नाही. खाटेच्या एका पायाखाली वीट ठेवली की भार त्या पायावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या पायावर जातो; गाडीचंही तसंच. म्हणून प्रत्येक बदलानंतर आम्ही चारही मापं पुन्हा घेतो.

तीन कामं आम्ही करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. स्प्रिंगचा वेढा कापणं: वेढे कमी झाले की उरलेली स्प्रिंग कडक होते, कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही, आणि चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते. स्प्रिंग गॅसनं तापवून दबवणं: पोलादाचं पाणी उतरतं, मग ती खचते किंवा मोडते. आणि गाडी वर घेण्यासाठी वेढ्यांमध्ये रबरी बफर अडकवणं: आधीच आखूड स्प्रिंगचा एक वेढा बंद पडतो आणि सगळा ताण शेजारच्या वेढ्यावर येतो.

नागपूरच्या रस्त्यांसाठी किती खाली

आमचं मत स्पष्ट आहे: रोजच्या गाडीसाठी २५ ते ३० मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. सिमेंटचे रस्ते झाल्यापासून पुष्कळ वस्त्यांत रस्ता घराच्या अंगणापेक्षा वर गेला आहे, आणि फाटकातला उतार इतका उभा झाला आहे की पुढचा बंपर तिथेच घासतो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातला गोलाकार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो; तो हळू ओलांडता येतो. गल्लीतला हातानं टाकलेला गतिरोधक आखूड आणि टोकदार असतो, आणि गाडीचं पोट त्याच्यावरच टेकतं. शक्य असेल तर घरचे सगळे बसवून एकदा फाटकातून गाडी काढून बघा, मगच स्प्रिंगा मागवा.

उंची पक्की झाली की अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, लागतंच. गाडी खाली आली की आर्म आणि टाय रॉडचे (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणारा दांडा) कोन बदलतात आणि टो, म्हणजे चाकं सरळ पुढे बघतात की आत-बाहेर, तो बिघडतो; टायर आतल्या काठानं खातो, बाहेरून बघितलं तर नवाच दिसतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० नं जाणाऱ्यांनी तर हे काम मागे ठेवूच नये. हेडलाइटही पुन्हा लावून घ्या. मागची बाजू पुढच्यापेक्षा जास्त बसली तर प्रकाश वर उठतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

कायद्याचं आम्ही आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही सांगितलं आहे. तुमच्या गाडीसाठी आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा. जुन्या स्प्रिंगा भंगारात देऊ नका; आम्ही त्या डाव्या-उजव्या खुणा करून परत देतो.

दुसऱ्या फेरीला येताना मापांचं कार्ड आणा, डिकी रिकामी करून या आणि शक्यतो सकाळी या. टायर गार असतात, आणि अलाइनमेंटही त्याच दिवशी होऊन जातं.