डेटाबेस कनेक्टरचा परवाना

प्रोग्राम आणि डेटाबेस सर्व्हर यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी लायब्ररी म्हणजे कनेक्टर किंवा ड्रायव्हर. सर्व्हर वेगळी प्रोसेस म्हणून चालतो आणि सॉकेटवरून, म्हणजे दोन प्रोसेसमधल्या जोडणीवरून, बोलतो. कनेक्टर मात्र आपल्याच प्रोग्रामशी लिंक होतो आणि त्याच्याच मेमरीत चालतो. सॉकेटवरून बोलणारे दोन प्रोग्राम सहसा स्वतंत्र धरावेत, लिंक केलेली लायब्ररी व प्रोग्राम मिळून मात्र एकच कृती होते, असे जीपीएल हा मुक्त परवाना लिहिणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे म्हणणे आहे. जीपीएलचा कोड ज्या कृतीत आहे ती दुसऱ्याला दिली, तर त्या सगळ्या कृतीचा स्रोत (सोर्स कोड) खुला करावा लागतो. त्यामुळे सर्व्हर जीपीएलखाली असला म्हणून आपल्या कोडला बंधन येतेच असे नाही. काही किलोबाइटच्या कनेक्टरमुळे मात्र ते येऊ शकते. उत्पादन बाजारात आणणाऱ्याने सर्व्हरच्या आधी कनेक्टरचा परवाना वाचावा, तो यासाठी.

याचे सर्वांत बोलके उदाहरण मायएसक्यूएल या डेटाबेसचे. ३.२३ आवृत्तीपर्यंत त्याची क्लायंट लायब्ररी (म्हणजे कनेक्टर) एलजीपीएल या जीपीएलच्या सैल रूपाखाली होती, म्हणजे बंद स्रोताच्या उत्पादनातही काही अटींवर वापरता येत असे. ४.० मध्ये मायएसक्यूएल एबी या स्वीडिश कंपनीने ती जीपीएलखाली आणली. कंपनी तोच कोड व्यावसायिक परवान्यानेही विकत असे. ज्याला आपला स्रोत खुला करायचा नाही त्याने पैसे मोजावेत, असा हिशेब होता. पण फटका बसला तो मुक्त स्रोताच्याच एका मोठ्या प्रकल्पाला. पीएचपी या वेबसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेचा तेव्हाचा परवाना मुक्त असूनही जीपीएलशी जुळत नव्हता. २००४ साली आलेल्या पीएचपी ५ सोबत ही लायब्ररी देणे बंद झाले. त्याच वर्षी कंपनीने मुक्त स्रोत प्रकल्पांसाठी परवान्यात खास सवलत जाहीर केली. पुढे मायएसक्यूएलच्याच अभियंत्यांनी पीएचपीच्या परवान्याखाली ‘मायएसक्यूएल नेटिव्ह ड्रायव्हर’ नव्याने लिहिला. तो २००९ मध्ये पीएचपी ५.३ सोबत आला आणि ५.४ पासून आपोआप वापरला जाऊ लागला. सर्व्हरचा परवाना या काळात जीपीएलच राहिला, तरी पीएचपीची अडचण सुटली. मला यातली हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

आज मायएसक्यूएलचे मालक असलेल्या ओरॅकलचा जावा कनेक्टर जीपीएल २ खाली, मुक्त स्रोताच्या सवलतीसह मिळतो. मायएसक्यूएलपासून निघालेल्या मारियाडीबी या डेटाबेसचे सी व जावा कनेक्टर एलजीपीएलखाली आहेत आणि पायथॉनचा पायमायएसक्यूएल एमआयटी या सैल परवान्याखाली. पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या लिबपीक्यू या कनेक्टरचा परवाना बीएसडी या तशाच सैल परवान्याच्या धर्तीचा, त्यामुळे तिथे हा प्रश्न जवळजवळ उद्भवतच नाही. एलजीपीएल कनेक्टर घेतला की ग्राहकाला लायब्ररीची बदललेली आवृत्ती बसवता आली पाहिजे. म्हणून ती स्टॅटिक लिंक करून प्रोग्रामच्या फाइलमध्येच मिसळण्यापेक्षा वेगळ्या फाइलमध्ये ठेवणे सोपे जाते.

जीपीएलची जबाबदारी प्रत दुसऱ्याच्या हाती दिल्यावर सुरू होते. कार्यालयातल्या वापरासाठी किंवा स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या संकेतस्थळासाठी कनेक्टर वापरला, तर जीपीएल २ स्रोत मागत नाही. तेच सॉफ्टवेअर ग्राहकाच्या यंत्रावर बसवायला दिले की चित्र बदलते, आणि बाहेरच्या कंत्राटदाराकडून काम करवून घेताना हा फरक हमखास नजरेतून सुटतो. काही कंपन्या म्हणून कनेक्टर सोबत देतच नाहीत. अ‍ॅटलासियनच्या कॉन्फ्लुअन्स या कागदपत्रे ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मायएसक्यूएलचा ड्रायव्हर नसतो. परवान्याचे कारण देऊन ग्राहकालाच त्या ड्रायव्हरची जार (जावा लायब्ररीची) फाइल उतरवून ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगितले जाते.

लिंक केल्याने खरोखरच व्युत्पन्न कृती, म्हणजे मूळ कृतीवर आधारलेली नवी कृती, तयार होते का, यावर न्यायालयाचा स्पष्ट निकाल मिळालेला नाही. २००२ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयात मायएसक्यूएल एबी आणि प्रोग्रेस सॉफ्टवेअरची उपकंपनी नूस्फिअर यांचा वाद सुनावणीला आला. तो सर्व्हरला जोडलेल्या ‘जेमिनाय’ या टेबल प्रकाराबद्दल होता, कनेक्टरबद्दल नव्हता, पण मुद्दा लिंक करण्याचाच होता. न्यायालयाने ट्रेडमार्कवर तात्पुरता मनाई हुकूम दिला, जीपीएलवर दिला नाही. पुढे पक्षांनी आपसांत तडजोड केली आणि प्रश्न तसाच राहिला.