मशरूम सूप दाट कशानं करायचं? मराठवाड्यातल्या वादाची पार्श्वभूमी

लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरच्या मंडईत पांढऱ्या बटन मशरूमचं दोनशे ग्रॅमचं पाकीट शोधत फिरावं लागण्याचे दिवस आता गेले. थंडीच्या दिवसांत ते तालुक्याच्या गावालाही दिसतं. पाकीट घरात आलं की पहिल्यांदा मसालेदार भाजी होते आणि दुसऱ्यांदा पोरं सूप मागतात. कृती कुणाला सांगायला नको, ती सगळ्यांना तोंडपाठ आहे. भांडण होतं ते दाटपणावर. मैदा भाजायचा, कॉर्नफ्लॉवर कालवून ओतायचं, की क्रीमचं खोकं फोडायचं? ही तिन्ही उत्तरं आपल्याकडे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या वाटेनं आली. आज ती एकाच कढईपाशी एकमेकांसमोर उभी आहेत.

मराठवाड्याच्या जुन्या ताटात अळंबी जवळजवळ नव्हतीच. कोकणात आणि गोव्यात पहिल्या पावसानंतर अळंबीसाठी झुंबड उडते. आपल्याकडे तसा अनुभव असलाच तर किनवट-माहूरकडच्या जंगलपट्ट्यात. बाकी काळ्या रानात बांधावर उगवली ती कुत्र्याची छत्री, आणि ती पायानं उडवायची एवढंच पोरांना माहीत. तिची भीती वाजवीच होती. विषारी आणि खाण्याजोगी छत्री नुसत्या नजरेनं ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही, त्यामुळे रानातली छत्री सूपात घालण्याचा विचारही कुणी करू नये. धर्माचा भाग वेगळा. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याबरोबर ‘कवक’ही वर्ज्य सांगितलं आहे, आणि चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या कित्येक घरांत मशरूमही आपोआप बंद होतं. सुश्रुतसंहितेत मात्र अळंबीचे प्रकार ती कशावर उगवते त्यावरून सांगितले आहेत: पेंढा, ऊस, शेण, बांबू आणि जमीन. यातला पेंढा पुढे पुन्हा येईल.

बटन मशरूमची वाट निराळी. सतराव्या शतकात पॅरिसभोवतीच्या माळ्यांनी घोड्याच्या लिदीच्या वाफ्यांवर त्याची लागवड बसवली, पुढे ती शहराखालच्या रिकाम्या दगडखाणींत गेली. तेव्हा ते तपकिरी असे. आजचा पांढराशुभ्र वाण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात १९२०च्या दशकाच्या मध्यावर एका वाफ्यात आपोआप उगवलेल्या पांढऱ्या झुबक्यातून वाढवला गेला. १९३४ साली अमेरिकेतल्याच एका मोठ्या कंपनीनं मशरूमचं दाट सूप डब्यात भरून विकायला काढलं आणि जगभरच्या हॉटेलांच्या मेनूवर हा पदार्थ पक्का झाला.

आपल्या देशात भाताच्या पेंढ्यावरचं मशरूम १९४३ साली कोइमतूरला पिकवलं गेलं. बटन मशरूमच्या लागवडीचं काम १९६१ साली हिमाचलातल्या सोलनला सुरू झालं, धिंगरीची, म्हणजे ऑयस्टर मशरूमची, लागवड १९६२च्या सुमारास म्हैसूरच्या प्रयोगशाळेत जमली, आणि १९८३ साली सोलनलाच मशरूमसाठी स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. सोलन निवडण्यामागे हवामान होतं. बटन मशरूमच्या बिजाला पसरायला २२ ते २५ अंश लागतात, पण छत्री बाहेर पडायला १४ ते १८ अंशांचा गारवा हवा. मे महिन्यात ४२ अंशांच्या पुढे तापणाऱ्या परभणी-नांदेडात ते वातानुकूलित शेडशिवाय होत नाही. म्हणून ताजं बटन मशरूम आपल्याकडे उशिरा आणि बर्फाच्या डब्यातून पोचलं.

त्याच्या आधी आलं ते डब्यातलं, मिठाच्या पाण्यात बुडवलेलं. अजिंठा आणि वेरूळ १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं, त्याच दशकात वाळूजला मोठे कारखाने आले, आणि तेव्हाच्या औरंगाबादेत परदेशी पाहुणे आणि कंपनीचे साहेब यांच्यासाठी मोठी हॉटेलं चालू लागली. तिथल्या मेनूवर ‘क्रीम ऑफ मशरूम’ होतं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ते हायवेवरच्या फॅमिली गार्डनमध्ये उतरलं. लग्नाच्या बुफेतला सूपचा काउंटर त्यानंतरचा.

मराठवाड्याला मशरूम सूपची चव लागली ती या गार्डन-रेस्टॉरंटांतून, आणि तिथला दाटपणा कॉर्नफ्लॉवरचा होता. कारण सरळ धंद्याचं होतं. त्या स्वयंपाकघरात एकाच शेगडीवर मंचाव, स्वीटकॉर्न, हॉट अँड सार निघायचं. कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवलेलं भांडं आचाऱ्याच्या उजव्या हाताला कायम तयार. मशरूमची ऑर्डर आली की त्याच भांड्यातली पळी, वर थोडं दूध, डब्यातल्या मशरूमच्या चकत्या आणि अजिनोमोटोची चिमूट. मिनिटभरात सूप टेबलावर. ते चकचकीत, ओठाला किंचित चिकटणारं, मशरूमपेक्षा मिरपुडीचं जास्त असे. आज पन्नाशीत असलेल्या पिढीच्या मनात मशरूम सूप म्हणजे तेच, आणि घरी केलेलं तसं झालं नाही तर ते म्हणतात, ‘हॉटेलसारखं आलं नाही.’

आता मुख्य वादाकडे. माझं मत आधीच सांगतो: घरच्या सूपाला मैदा-लोण्याचा पाया आणि शेवटी म्हशीच्या दुधाची साय, याइतकं चांगलं उत्तर नाही. कॉर्नफ्लॉवरवर राग नाही, त्याची जागा मंचावात आहे.

चरबीत पीठ भाजून दाटपणा आणायची रीत १६५१ सालच्या एका फ्रेंच पाकग्रंथातही आहे. कॉर्नफ्लॉवर त्या मानानं नवं. मक्याचा स्टार्च कारखान्यात निघू लागला तो १८४०च्या दशकात, अमेरिकेत. दोन्हींचं काम वरकरणी एकच. स्टार्चचे कण गरम पाण्यात फुगतात आणि पातळ पदार्थ धरून ठेवतात. फरक पुढे दिसतो. कॉर्नफ्लॉवर शुद्ध स्टार्च आहे, त्यामुळे मैद्याच्या जवळपास अर्ध्या मापात काम होतं आणि सूप पारदर्शक, चमकदार दिसतं. पण ते बराच वेळ उकळलं किंवा दुसऱ्यांदा तापवलं की पातळ पडतं, आणि फ्रिजमध्ये ठेवलं तर थिजून त्याला पाणी सुटतं. घरात सूप एकदम सगळ्यांसाठी होतं. कुणी सातला पितं, कुणी क्लासवरून नऊला येतं. तिथे कॉर्नफ्लॉवर दगा देतं. मैद्यात प्रथिनं असतात, त्यामुळे सूपाला दुधाळ अंग येतं आणि पुन्हा गरम केलं तरी ते टिकतं.

अट एकच, मैदा नीट भाजला गेला पाहिजे. चार वाट्या सूपाला दोन मोठे चमचे लोणी आणि तेवढाच मैदा. लोणी वितळलं की मैदा घालून मंद आचेवर हलवत राहायचं. आधी गोळा होतो आणि कच्च्या पिठाचा वास येतो. दोन-तीन मिनिटांनी तोच गोळा सैल पडतो, बारीक फेस धरतो आणि भट्टीतल्या ताज्या नानकटाईसारखा वास सुटतो. तिथे थांबायचं, रंग येऊ द्यायचा नाही. मग दूध एकदम न ओतता थोडं थोडं, दर वेळी घोटून. झालं की नाही ते पळीवर कळतं. पळीच्या पाठीवर थर बसतो, त्यावर बोटानं रेघ ओढली की दोन्ही कडा जागच्या जागी राहतात. लोक मैद्याच्या सूपाला ‘पिठूळ लागतं’ म्हणून नाक मुरडतात, तो दोष बहुतेक वेळा न भाजलेल्या मैद्याचा असतो.

तिसरी बाजू क्रीमची, आणि ती सगळ्यात नवी. टीव्हीवरचे पाककृतींचे कार्यक्रम, नंतर मोबाइलवरचे व्हिडिओ, आणि विशेषतः २०२०च्या टाळेबंदीत हॉटेलं बंद असताना घरोघरी झालेले प्रयोग, यांतून ‘एक कप क्रीम’ हे माप आपल्याकडे रूढ झालं. त्यातली बरीच मापं परदेशी कृतींवरून आलेली आहेत. तिथल्या क्रीममध्ये ३५ टक्क्यांच्या वर फॅट असते. ते क्रीम उकळून आटवलं तरी फुटत नाही आणि स्वतःच दाट होतं. आपल्या किराणा दुकानातलं खोक्यातलं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्क्यांचं. ते एवढ्या जोरावर सूप दाट करू शकत नाही, आणि खळखळून उकळलं तर कडेनं तूप सुटून फाटण्याची भीती असते. कृती आली, पण तिला लागणारा जिन्नस आला नाही. मग सूप पातळ राहिलं म्हणून आणखी अर्धं खोकं ओतलं जातं, खर्च वाढतो आणि मशरूमची चव दुधाखाली गडप होते.

ज्या मुलखात सकाळी दारात म्हशीचं दूध येतं आणि डेअरीवर फॅट लागली किती याची चर्चा चहाच्या टपरीवर होते, तिथे खोक्यावर इतकं अवलंबून राहायचं कारण नाही. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट असते. भूम-परंड्याचा खवा ज्या दुधाच्या जिवावर चालतो, त्याच दुधाची साय सूपाला पुरेशी आहे. फक्त साय तशीच टाकली की तिचे पापुद्रे तरंगतात आणि मुलं ते बोटानं काढत बसतात. चार चमचे साय वाटीत घोटून घ्यावी, तिच्यात दोन पळ्या गरम सूप मिसळावं, गाळणीतून मागे ओतावं. आणि हे सगळं गॅस बंद केल्यावर.

गेल्या काही वर्षांत ‘मैदा नकोच’ म्हणणारी घरं वाढली. त्यांच्या काळजीला आधार नाही असं म्हणता येणार नाही, पण चार वाट्यांत दोन चमचे मैदा, म्हणजे एका माणसाच्या वाट्याला अर्धा चमचा, हेही लक्षात घ्यावं. ज्यांना तोही नको त्यांच्यासाठी कणीक चालते. रंग थोडा मळकट येतो, कोंड्याचे ठिपके दिसतात. ओट्सची पूड, उकडलेला बटाटा, काजूची पेस्ट हेही चालू आहे. काजूनं सूपाची शाही भाजी होते, ते मला पटत नाही.

खरं तर दाट पातळ पदार्थ ही मराठवाड्याची जुनी मिरास आहे. येसर आमटीत भाजलेल्या धान्य-डाळींचं पीठ आमटीला अंग देतं. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवकडे शेतात भज्जीबरोबर ज्वारीचं आंबील पिलं जातं. त्यावरून काही सुगरणींनी मशरूम सूपात ज्वारीचं पीठ वापरून पाहिलं, आणि ते जमतं. ज्वारीचा स्टार्च फुगायला गव्हापेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून लोण्यात भाजल्यावर दूध घालून सात-आठ मिनिटं सावकाश शिजवावं लागतं, नाहीतर जिभेवर रवाळ लागतं. येसर मात्र सूपात घालू नये, त्यातला मसाला मशरूमला बोलूच देत नाही.

या वादात एक गोष्ट मागे पडते: दाटपणाचा एक भाग खुद्द मशरूमकडूनच मिळतो. त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. पसरट कढईत मोठ्या आचेवर, गर्दी न करता परतलं की ते पाणी आधी सुटतं, मग आटतं, आणि नंतर कडा तांबूस होतात. मीठ तेव्हा घालायचं. त्यातले अर्धे मिक्सरला वाटले की पिठाची गरजच कमी होते. मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, त्यामुळे ते जास्त शिजून लगदा होत नाहीत. घाई करायचं कारण नसतं.

पुढचा बदल धिंगरीचा आहे. २०१२ पासून चार-पाच वर्षांत दुष्काळ पुन्हापुन्हा आला, २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. कमी पाण्यात, छपराखाली होणारा जोडधंदा म्हणून कृषी विद्यापीठ आणि विज्ञान केंद्रांची धिंगरीची प्रशिक्षणं अशा वेळी जास्त जवळची वाटू लागली. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडे ढिगानं असतं. ते भिजवून, निर्जंतुक करून, बिजासह प्लॅस्टिकच्या पिशवीत दाबून भरायचं आणि ओल्या गोणपाटाच्या आडोशाला टांगायचं. वीस ते तीस अंशांत आणि ऐंशी टक्क्यांच्या ओलाव्यात पिशवीच्या छिद्रांतून पंख्यासारखे घोस बाहेर पडतात.

धिंगरीचं सूप बटनासारखं होत नाही आणि तशी अपेक्षा ठेवू नये. रंग फिकट बदामी येतो, चव सौम्य असते, देठ चिवट म्हणून काढून टाकावे लागतात. पण तिचा एक गुण बटनमध्ये नाही: ती मराठवाड्याच्या उन्हात सहज वाळते. ताज्या दहा किलोंची वाळून साधारण एक किलो उरते. मार्चपासून शेड तापलं की साध्या छपराखालचं उत्पादन थांबतं, तेव्हा हीच वाळलेली धिंगरी मिक्सरला दळून बरणीत भरली जाते. मैदा भाजताना तिची एक मोठा चमचा पूड टाकली तर मैदा थोडा कमी केला तरी चालतो, आणि दूध घालायच्या आधीच कढईला मशरूमचा वास लागतो.